कामट्यांचा आकाशकंदील घरी कसा करायचा (आणि उरलेल्या सामानातून अजून काय काय)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी वसुबारसेच्या आसपास तोच प्रश्न पडतो, कंदील कुठे स्वस्त मिळेल. आणि दरवर्षी कोणीतरी घडीचा प्लास्टिकचा कंदील आणतं, पाचशे-सहाशे घालवून, आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत मान टाकतो. मी गेली काही वर्षं कामट्यांचा करतेय. मागच्या वर्षी मला सगळे मिळून पावणेदोनशे रुपये लागले, बल्ब आणि होल्डर घरातलेच होते. वेळ मात्र लागतो, ते आधीच सांगते. दोन रविवार धरा. कोजागिरीला दूध आटत असताना कामट्या कापायला बसलात तर धनत्रयोदशीपर्यंत तेरा दिवस मिळतात, आरामात होतं. ऐनवेळी बसलात तर खळ ओली असतानाच कंदील टांगला जाणार आणि कागद लोंबणार.

आमचे आप्पा, म्हणजे माझे आजोबा, कंदील करायला बसले की आम्हा पोरांना कागदाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. "आधी सांगाडा दाखव," म्हणायचे. मग आम्ही बांधलेला चौकोन एका टोकाला धरून हवेत हलवायचे, आणि तो जरा जरी लचकला तर गाठी सोडून परत हातात द्यायचे. तेव्हा जाम राग यायचा. आता कळतं की कंदील बिघडतो तो सांगाड्यातच, कागद कितीही भारी आणा. म्हणून या लेखात अर्ध्याहून जास्त बडबड सांगाड्याचीच आहे, कंटाळू नका.

सामान

बांबूच्या कामट्या साधारण तीस फूट (लागतात साडेतेवीस, पण तुटतात), पतंगाच्या कागदाचे तीन ताव, गोधडीचा पांढरा जाड दोरा, मैदा, थोडा फेविकॉल, सोनेरी कागदाची एखादी पट्टी, आणि टांगायला एक कडी, मी जुनी धातूची बांगडी वापरते. बास. क्राफ्टच्या दुकानात शिरू नका, तिथे शिरलात की आरसे, टिकल्या, ग्लिटर, ग्लू गन असं करत बिल रेडिमेड कंदिलाच्या वर जातं, हे मी स्वतः केलेलं आहे.

कामट्या बुरूडाकडे मिळतात. पुण्यात असाल तर बुरूड आळीत जा, टोपल्या-सुपं करणारे बसतात तिथे सांगायचं की कंदिलासाठी पाहिजेत, ते बरोबर जाडीच्या काढून देतात. जाडी म्हणजे रुंदीला चार-पाच मिलिमीटर, पेन्सिलपेक्षा बारीक. मुंबईत कागद आणि बाकीचं सामान अब्दुल रहमान स्ट्रीटला मिळतं, आणि माहीमच्या कंदील गल्लीत नुसती एक चक्कर मारून या, विकत घ्यायला नाही, कुठला आकार कसा जोडलाय ते बघायला. माझी मावसबहीण बाहेरदेशी असते, तिला कामट्या मिळेनात, तिने बार्बेक्यूच्या बारा इंची काड्या आणून केला, चालला. फक्त त्या गोल असतात त्यामुळे गाठ घसरते, प्रत्येक गाठीवर फेविकॉलचा थेंब हवाच.

कामट्या आणल्या की अर्धा दिवस पाण्यात टाका, बादलीत उभ्या राहत नसतील तर बाथरूममध्ये ओला कपडा गुंडाळून ठेवा. ओली कामटी कापताना कमी चिरते. आणि कापून झालं की कडा सॅंडपेपरने किंवा काचेच्या तुकड्याने घासून घ्या, बांबूची कूस बोटात गेली की दोन दिवस ठणकतं, लहान मुलं सोबत असतील तर हे काम तुम्हीच करा.

सांगाडा

आपला जुना पारंपरिक कंदील नीट बघितलात तर त्यात फक्त चौकोन आणि त्रिकोण असतात. त्यातही त्रिकोण बांधावे लागतच नाहीत, ते आपोआप तयार होतात. बांधायचे असतात ते एकसारखे सहा चौकोन, झालं. एक तळाला, एक वर, आणि चार मधे. मधले चार सरळ उभे नाहीत, पतंगासारखे एका टोकावर उभे.

आता माप. प्रत्येक काडी दहा इंच कापायची, अशा चोवीस. दोन्ही टोकांपासून अर्धा-अर्धा इंच सोडून पेनाने खूण करायची, म्हणजे दोन खुणांमध्ये बरोबर नऊ इंच राहतात. गाठ खुणेवरच आली पाहिजे. याशिवाय चौदा इंचाच्या तीन काड्या वेगळ्या ठेवा, त्या नंतर लागतील. नऊ इंची मापाचा कंदील उंचीला साधारण पावणेतेरा इंच होतो आणि मधे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर दीड फूट. बाल्कनी लहान असेल तर सहा इंची घ्या, मग एक फूट रुंद होतो. हिशेब सोपा आहे, काडीच्या मापाची दुप्पट म्हणजे रुंदी.

चौकोन बांधताना चार काड्या जमिनीवर ठेवून खुणा एकमेकींवर आणायच्या आणि दोरा आधी एका बाजूने तिरका तीन वेढे, मग दुसऱ्या बाजूने तिरका तीन वेढे, मधे फुलीसारखा दिसला पाहिजे, मग दोन काड्यांच्या मधून दोन वेढे आवळून गाठ. हे शेवटचे आवळणारे वेढे लोक विसरतात आणि मग काडी फिरते. कामटीची गुळगुळीत, सालीची बाजू बाहेर ठेवा, कागद तिच्यावर बसवायचाय.

चार कोपरे बांधले म्हणून चौकोन झाला असं नाही. तो शंकरपाळ्यासारखा तिरका होतो. तो काटकोनात आहे का हे बघायची युक्ती म्हणजे दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे आले पाहिजेत, नऊ इंची चौकोनाला पावणेतेराच्या किंचित आत. मग मधे उभ्या राहणाऱ्या चार चौकोनांना दोन्ही कर्णांवर पांढरा दोरा ताणून बांधून टाका, फुली. दोरा बारीक आणि पांढरा असेल तर दिवा लागल्यावर दिसत नाही. वरच्या चौकोनाला दोन्ही कर्णांवर चौदा इंची काड्या बांधा, दिवा आणि टांगायची दोरी दोन्ही तिथेच येणारेत. तळाच्या चौकोनाला एकच काडी कर्णावर, कारण खालून बल्ब बदलायला हात आत गेला पाहिजे. पहिल्या वर्षी मी तळालाही फुली मारली आणि बल्ब गेला तेव्हा माझा हात अडकला, मुलगी हसत होती आणि फोटो काढत होती.

हे कर्ण का एवढे महत्त्वाचे तर त्यांच्याशिवाय सगळा सांगाडा जोडून झाल्यावर पिळला जातो, वरचा चौकोन हाताने फिरवला की कंदील अख्खा गोल फिरत खाली बसतो, छत्री मिटल्यासारखा. तुम्हाला वाटेल गाठी सैल राहिल्या, गाठी कितीही आवळा, काही होत नाही, आकारच तसा आहे.

आता जोडणी. तळाचा चौकोन टेबलावर आडवा ठेवा. मधल्या प्रत्येक चौकोनाचं खालचं टोक तळाच्या एकेका कोपऱ्याला बांधा, चार गाठी. मग शेजारशेजारच्या चौकोनांची बाजूची टोकं एकमेकांना, अजून चार. इथे कोणीतरी धरायला लागतं, एकट्याने करत असाल तर कपडे वाळवायचे चिमटे लावा. शेवटी वरची चार टोकं वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना. बारा जोड झाले. मधेमधे आठ त्रिकोण दिसायला लागतील, चार वर, चार खाली, वरच्यांची टोकं खाली आणि खालच्यांची वर. ते दिसले की समजायचं जमलं.

बाहेर आलेली काडीची टोकं कटरने छाटा, पाव इंच ठेवा, अगदी गाठीपर्यंत कापू नका. सगळ्या गाठींवर फेविकॉल. रात्रभर वाळू दे.

खळ आणि कागद

फेविकॉलने कागद चिकटतो पण पातळ कागदाला डाग पडतात आणि पुढच्या वर्षी काढताना जीव जातो. खळच करा. दोन टेबलस्पून मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, मग एकूण कपभर पाणी होईल इतकं घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन चकाकी आली आणि चमच्यावरून सावकाश पडायला लागली की उतरवा. जुनी माणसं झुरळं-किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायची, पण ते विष आहे, घरात मुलं असतील तर नकोच. खळ दोन दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकून नवी करा.

कागदाचा हिशेब नऊ इंची कंदिलाचा सांगते. ताव वीस बाय तीस इंचाचा धरला तर एका रंगाच्या तावातून दहा बाय दहाचे चार चौकोन निघतात (नऊ इंच अधिक चारी बाजूंनी अर्धा इंच दुमडायला) आणि वीस बाय दहाची एक पट्टी उरते, ती टाकू नका. दुसऱ्या रंगाच्या तावाचे लांबीतून दोन भाग करा आणि प्रत्येकातून एक सुलटा एक उलटा असे चार त्रिकोण काढा, आठ झाले. आधी वर्तमानपत्राचा एक त्रिकोण सांगाड्यावर ठेवून माप बघा आणि तोच साचा म्हणून वापरा, कारण आपल्या हातचा सांगाडा कुठेतरी एखाद्या सुताने इकडेतिकडे असतोच.

रंग कुठले ते तुमचं तुम्ही ठरवा, माझं मत विचाराल तर चौकोन फिके आणि त्रिकोण गडद. पिवळ्या किंवा पांढऱ्या चौकोनातून उजेड पडतो, लाल-राणी त्रिकोण नक्षीसारखे दिसतात. सगळंच गडद केलं तर कंदील रात्री नुसता काळपट ठिपका दिसतो. निळा कागद दुकानात फार सुंदर दिसतो, दिव्यावर तितका नाही.

खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. बोटाने पातळ थर, मग कागद वरून ठेवून मधून बाहेर हलका ताणत कडा मागे दुमडायच्या. कोपऱ्यात कागद कापून बाजूला करा म्हणजे गोळा होत नाही. आधी चारही चौकोन लावून वाळू दे, मग त्रिकोण. दोन्ही एकदम लावायला गेलं की एकीकडचं ओलं दुसरीकडे ओढलं जातं. वरचा आणि तळाचा चौकोन उघडाच ठेवायचा, गरम हवा बाहेर जायला.

वाळल्यावरही कागद थोडा सैल वाटला तर एक युक्ती आहे. फवारणीच्या बाटलीने लांबून अगदी हलका पाण्याचा शिडकावा द्यायचा आणि सावलीत सोडायचं, वाळताना कागद स्वतःच डफासारखा ताणला जातो. पण. स्वस्त पतंगाच्या कागदाचा रंग जातो. आधी उरलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. मी न बघता मारलं होतं आणि लाल त्रिकोणांचा रंग पिवळ्या चौकोनांवर ओघळला, नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, हा कंदील आहे की मारामारीतून आलाय?" त्याच वर्षी ऑक्टोबरचा परतीचा पाऊस आला आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गुलाबी ठिपके पडले, ते वेगळं. तेव्हापासून कंदील छज्जाच्या आत टांगते.

सांधे झाकायला सोनेरी कागदाच्या पाऊण इंची पट्ट्या कडांवर लावा. चौकोनाच्या मध्यभागी हवं असेल तर चार घड्या घालून कातरलेलं कागदाचं फूल चिकटवा, पण कागदात कागद घातल्याने तिथे सावली पडते, तीच तर गंमत आहे.

झिरमिळ्या

तिसऱ्या तावाच्या वीस इंच लांब झिरमिळ्या करायच्या. ताव दोन-तीन घड्या घालून धरा, वरचा दीड इंच सोडून खालपर्यंत अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापत या. तळाच्या चौकोनाचा घेर छत्तीस इंच, या तावाची रुंदी तीस, कमी पडतात सहा. मघाशी जी पट्टी टाकू नका म्हटलं ती इथे कामाला येते. वरचा न कापलेला भाग तळाच्या काड्यांवर खळीने गुंडाळून चिकटवा. झिरमिळ्या खूप रुंद ठेवल्या तर वाऱ्यावर हलत नाहीत, नुसत्या लटकतात, आणि कंदिलाची अर्धी मजा ती सळसळच असते.

दिवा

इथे हयगय नको. पाच वॅटचा पिवळसर एलईडी पुरतो. आमच्याकडे एकदा माळ्यावर सापडला म्हणून जुना साठ वॅटचा बल्ब लावला होता, दोन तासांत वरचा कागद तपकिरी झाला, अजून तासभर ठेवला असता तर काय झालं असतं विचार करवत नाही. होल्डरची वायर वरच्या काड्यांच्या फुलीला बांधा, बल्ब कंदिलाच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, कागदाला कुठेही टेकता कामा नये. कंदिलाचं वजन वायरवर अजिबात नको. वरच्या चार कोपऱ्यांतून चार सारख्या दोऱ्या घेऊन बांगडीत ओवा, बांगडीतून टांगायची दोरी, आणि वायर तिच्या शेजारून सैल सोडा. वायरला मधे जोड असेल तर तो घराच्या आत येईल असं बघा. आणि हो, आत पणती ठेवायची हौस नको, कितीही पारंपरिक वाटलं तरी.

उरलेल्यातून

कामट्यांचे तुकडे उरले असतील तर तीन-तीन इंचांचे छोटे कंदील मुलांना करू द्या, त्यांना दिवा नको, नुसते दारावर माळ करून लावायचे. वाकडे झाले तरी लावा, मुलं वर्षभर आठवण काढतात.

कागद संपला असेल तर जुन्या साडीच्या काठाचं तोरण करा, हे मला कंदिलाच्या खालोखाल आवडतं. साडी विरली तरी काठ चांगला राहतो. दाराची चौकट मोजा, साधारण तीन फूट असते, त्यापेक्षा चार इंच जास्त लांबीचा काठ उसवून घ्या, मागे जुन्या चादरीचा दुहेरी तुकडा लावून शिवा म्हणजे लोळत नाही. खाली काठाचेच चार-चार इंचाचे तुकडे टोकाशी दुमडून पानांसारखे लावायचे, अकरा किंवा तेरा, मधलं पान बरोबर मधे येतं. शेंड्यांना उरलेले मणी. शिलाई मशीन नसेल तर हाताने धावदोरा, लांबून कोणाला दिसतंय. फक्त साडी कापण्याआधी ती कोणाची आहे ते विचारा. मी सासूबाईंची "जुनी" समजून घेतलेली साडी त्यांच्या डोहाळजेवणाची निघाली, कात्री लावायच्या दोन मिनिटं आधी कळलं.

पणत्या रंगवणार असाल तर एकच सांगते, आधी साध्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. नाहीतर माती तेल पिऊन टाकते आणि बाहेरून रंगावर तेलाचे डाग येतात. बाहेरून गेरूचा हात द्या, त्यावर तांदळाच्या पिठात थोडा डिंक घालून काडीने वारलीसारखी माणसं, झाडं काढा, दहा रुपयांत काम होतं. जिथे वात टेकते त्या चोचीला रंग लावायचा नाही.

गणपतीचं मखरही असंच घरी होतं, २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून आम्ही फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांचंच करतो. त्यात एवढंच लक्षात ठेवा की पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या आल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर खांब तिसऱ्या दिवशी कंबरेत वाकतो. बाकी त्यावर वेगळं लिहावं लागेल.

उतरवताना

आम्ही कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतो. उतरवल्यावर फेकू नका, कागदावर ओलं फडकं दाबून दहा मिनिटं ठेवा, खळ सुटते आणि कागद सोलून निघतो. सांगाडा उन्हात एक दिवस वाळवा, सैल गाठी तिथल्या तिथे परत आवळा, पुढच्या वर्षी लक्षात राहत नाही. मग वरच्या आणि मधल्या चौकोनांचे आठ जोड कापून सहाही चौकोन एकावर एक ठेवून जुन्या चादरीत गुंडाळा, जागा फक्त एका ताटाएवढी लागते. एका चौकोनावर पेनाने वर्ष लिहून ठेवा, माझ्याकडच्यावर आता चार वर्षं लिहिलेली आहेत आणि काड्या दोनच बदलल्यात.